अंगठा धरायला कुणीतरी

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला नवरा काय करतो हे विचारलं नाही. जात विचारली नाही, मटण-मच्छी खाता का विचारलं नाही. त्या आठवड्यात बदलापुरात मी ज्या ज्या घरमालकांच्या पायऱ्या चढले होते, ते सगळे दुसऱ्या वाक्याला नवऱ्यावर येत होते, आणि नवऱ्याला सोडून आलेय म्हटलं की ही खोली पुतण्याला द्यायचीय हे त्यांना एकदम आठवत होतं. हे गृहस्थ मात्र चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “बाई, उजव्या हाताचा अंगठा दाखवा.”

मी तशी तिरसट आहे. त्या दिवसांत जरा जास्तच होते. म्हटलं, “कशाला? सात-बारा लिहून घेताय?”

ते हसले नाहीत. माझा अंगठा त्यांनी उलटसुलट करून पाहिला, खिशातून गाडीचा एक जुना स्पार्क प्लग काढून त्याच्या शेजारी धरला आणि समाधानाने मान हलवली. “बारीक आहे, पण भोक बुजेल. वर्षातून एकदा गाडीला लागतो. हे काम एकट्याने होत नाही.”

एवढ्यावर मला हेंद्रेपाड्यातल्या त्या घराची वरची खोली मिळाली. खाली दोन खोल्यांत ते एकटे, वर मी एकटी, आणि पुढच्या पोर्चमध्ये ती गाडी. पूर्वी मुंबईत टॅक्सी म्हणून धावायच्या त्या जातीची, फक्त ही पांढरी. म्हणजे पांढरी होती असं ते सांगायचे. आजूबाजूला सगळीकडे सात-सात मजले उठलेले आणि मधे हे बसकं कौलारू घर, त्यामुळे वरच्या बाल्कन्यांतून लोकांना दिवसभर आमच्या पोर्चचा खेळ फुकट बघायला मिळायचा.

मी त्यांना काका म्हणायचे, ते मला बाई म्हणायचे. शेवटपर्यंत तेच चाललं.

काका अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले. स्टोअरला होते. जन्मभर नट-बोल्ट मोजून दिले, पण स्वतः एकही फिरवला नाही. ती हौस त्यांनी रिटायर झाल्यावर या गाडीवर भागवून घेतली. मेकॅनिक म्हणून ते बेताचेच होते, खोटं कशाला बोलू. काहीही उघडून परत बसवलं की हातात एखादा स्क्रू उरायचाच. तो ते लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत टाकायचे आणि म्हणायचे, “बनवणाऱ्याने जास्तीचा घातला होता.” बरणी अर्धी भरली होती आणि गाडी तरी चालत होती, म्हणून मलाही हळूहळू ते पटायला लागलं.

एक गोष्ट मात्र ते अगदी मनापासून करायचे. टायमिंग. तो शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसा घ्यायचे. आता मला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हा पहिल्याच वर्षी त्यांनी मला पोर्चच्या पायरीवर बसवून समजावलं.

“बाई, इंजिनात चार जण जेवायला बसलेत असं समजा. आणि हा वाढपी.” वाढपी म्हणजे डिस्ट्रिब्युटर, काळ्या टोपीचा आणि वर चार वायरी उगवलेला. “हा प्रत्येकाला ठिणगी वाढतो. पान मांडलं की वाढपी समोर हवा. आधी आला तर सांडून ठेवतो, उशिरा आला तर जेवणारा उठून जातो. आणि हा सरळ ओळीने वाढत नाही. पहिला, तिसरा, चौथा, मग दुसरा.”

“का? दुसऱ्याने काय घोडं मारलंय?”

“तसंच असतं,” काका म्हणाले. त्यांनाही माहीत नसावं.

एक-तीन-चार-दोन हे त्यांच्या अंगातच भिनलं होतं. जिना चढताना तेच पुटपुटायचे. चौघं पाहुणे आले की चहाचे कप त्याच क्रमाने द्यायचे. दुसऱ्या खुर्चीवरचा माणूस हात पुढे करून ताटकळत राहायचा. गल्लीच्या गणपतीत प्रसाद वाटायला त्यांना कुणी उभं करेना, कारण पोरांच्या रांगेत भांडणं लागायची. मी एकदा म्हटलं, “काका, माणसं म्हणजे सिलेंडर नाहीत.” तर म्हणाले, “खरंय. सिलेंडर वेळेवर उठतात तरी.”

सगळी गोम होती ती खुणेत. इंजिनाच्या पुढच्या चाकावर एक खूण असते. ती वरच्या काट्यासमोर आली की वाढप्याला पहिल्याच्या पानासमोर उभा करून बसवायचा. ऐकायला सोपं. पण ती खूण दोनदा जुळते. एकदा पान मांडलेलं असताना आणि एकदा उष्टं काढून झाल्यावर. बाहेरून दोन्ही वेळा सगळं हुबेहूब दिसतं. खरी खूण कुठली हे कळायला पहिल्याचा प्लग काढायचा आणि त्या भोकावर अंगठा धरून ठेवायचा. एकाने पुढून हँडल फिरवायचं. आतून हवेने अंगठा ढकलला की समजायचं, खरी. ज्याचा अंगठा असेल त्याने ओरडायचं, “आली.”

हा अंगठा पूर्वी काकूंचा असायचा. काकू जाऊन किती वर्षं झाली ते मी कधी विचारलं नाही, पण पहिल्या सिलेंडरच्या वायरीला त्यांच्या वेणीची लाल रिबन बांधलेली होती, म्हणजे ती वायर चटकन ओळखू यावी. रिबन तेलाने काळपट झाली होती. बदलायची गोष्ट काढलेली त्यांना आवडायची नाही.

आता त्या दसऱ्याच्या पैजेचं सांगायला हवं, नाहीतर हा सगळा खटाटोप कशासाठी ते कळणार नाही.

काकांचा एकुलता एक मुलगा पुण्याला. काकू गेल्यावर तो म्हणाला, बाबा, इथे एकटे राहू नका, माझ्याकडे चला. काका म्हणाले, मी ठणठणीत आहे. मुलगा म्हणाला, उद्या पडलात-झडलात तर कोण नेणार डॉक्टरकडे? काका म्हणाले, माझी गाडी आहे, मी जाईन. त्यावरून बोलता बोलता ठरलं: दरवर्षी दसऱ्याला मुलाने यायचं, गाडीची पूजा करायची, आणि काकांनी त्याला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवत अंबरनाथच्या शंकराच्या देवळापर्यंत नेऊन परत आणायचं. हेच त्यांचं सीमोल्लंघन. गाडी गेली-आली तर काका अजून एक वर्ष बदलापुरात. बंद पडली तर घराला कुलूप, गाडी भंगारात आणि काका पुण्याला.

बापलेकांनी हे चेष्टेत ठरवलं असेल, पण दोघेही पाळत होते. आणि पैज पक्की व्हावी म्हणून काका दरवर्षी दसऱ्याच्या आधी, चांगलं चालणारं इंजिन स्वतःच्या हातांनी उघडून ठेवायचे. पितृपक्षात. मी म्हटलं, “अहो, पितृपक्षात कुणी काही काम काढतं का?” तर म्हणाले, “नवीन काही करायचं नसतं. जुनं उघडायला हरकत नाही.”

उघडायचा दिवस अविधवा नवमीचा. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात आणि एका सवाष्णीला जेवायला घालतात. पहिल्या वर्षी त्यांनी मला सकाळीच निरोप दिला, आज खाली जेवा. मी पायरीवर उभी राहिले. म्हटलं, “काका, माझ्या गळ्यात काही नाही. नवरा जिवंत आहे, पण माझा नाही. हे तुमच्या शास्त्रात बसतं का बघा.”

ते भाताला फोडणी देत होते. मागे वळून न बघताच म्हणाले, “पान मांडलंय. बसा. बाकीचं तुमच्या काकूंना कळतं.”

मी बसले. वरण खारट होतं. मी सगळं संपवलं आणि वर जाऊन दार लावून घेतलं, कारण घर सोडल्यापासून मला कुणी पान मांडून वाढलं नव्हतं.

त्याच वर्षी मी पहिल्यांदा अंगठा धरला आणि माती खाल्ली. काका पुढे वाकून हँडल फिरवतायत, मी बॉनेटखाली वाकलेय, बोटांना ग्रीस, केस तोंडावर. अंगठ्याला जरा फुंकर लागल्यासारखी वाटली आणि मी ओरडले, “आली.” काकांनी विश्वासाने वाढपी बसवला, वायरी लावल्या, चावी फिरवली, आणि असा आवाज झाला की समोरच्या बिल्डिंगमधली कबुतरं गेली ती संध्याकाळपर्यंत परत आली नाहीत. धुरातून काका बाहेर आले. भुवई जरा जळल्यासारखी वाटत होती. मला वाटलं आता खोलीही गेली. ते म्हणाले, “उष्ट्या पानावर वाढलं आपण. ती नुसती फुंकर होती. खरी हवा आली की तुम्हाला विचारावं लागत नाही. ती अंगठा उचलतेच.”

दुसऱ्यांदा ती आली. खरंच विचारावं लागलं नाही. आतून कुणीतरी हात धरून बाजूला करावा तसा अंगठा ढकलला गेला. त्या वर्षी गाडी अंबरनाथला जाऊन आली, मुलगा हरला, हसत हसत पुण्याला गेला, आणि काकांनी मला आपट्याचं पान देऊन सांगितलं, “यात तुमचा अर्धा वाटा.”

मग मला त्या कामाची चटकच लागली. मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात माल तपासते. दिवसभर शिवणी बघायच्या, उसवलेलं बाजूला टाकायचं आणि सेठचं ऐकून घ्यायचं. तिथे माझ्याशी बोलतात ते “ये पीस रिजेक्ट क्यूँ किया” एवढंच. घरी आले की खाली बॅटरीच्या उजेडात काका काहीतरी पुसत बसलेले असायचे आणि म्हणायचे, “बाई, जरा हा पाना धरा.” मी कुरकुर करत धरायचे. कुरकुर करायला माणूस असणं ही केवढी चैन आहे हे मला तेव्हा कळत होतं. मी मूर्ख नव्हते. काका पैज हरले तर त्यांचं घर जाईल, तशी माझी खोलीही जाईल, हे तर होतंच. पण खोली दुसरी मिळाली असती. माझा अंगठा मागणारा दुसरा कुणी मिळाला नसता.

गाडीचं सामान मिळेनासं झालं तेव्हा मीच त्यांना कारखान्याजवळच्या एका सिंधी दुकानदाराकडे घेऊन गेले. जुन्या गाड्यांचे भाग विकणारा हा म्हातारा गल्ल्यावरून उठायचाच नाही. काकांना बघितलं की माळ्यावरून खोकं काढायला सांगायचा. एकदा मला म्हणाला, “दीदी, इस गाड़ी का सामान लेने अब एक ही आदमी आता है. ये भी नहीं आएगा तो खोका फेंक दूँगा.” काका म्हणाले, “फेंकना मत, साईं. मैं आऊँगा.” आणि परत येताना रिक्षात घेतलेलं सामान मांडीवर धरून बसून राहिले. एरवी रिक्षाच्या इंजिनाचा आवाज ऐकून ते ड्रायव्हरला चार सल्ले तरी द्यायचेच.

आता ती शुक्रवारची गोष्ट.

उल्हासनगरला शुक्रवारी लाइट जाते. त्या दिवशी गेली ती आलीच नाही, म्हणून सेठने दुपारी सोडलं. नवमीला इंजिन उघडून झालं होतं आणि रविवारी मी अंगठा धरायचा असं ठरलेलं. मी गल्लीच्या तोंडाशी आले आणि मला आमच्या गाडीचा आवाज ऐकू आला. छान, एकसारखा, टायमिंग लागलेला. मला वाटलं कानांचा भास. मी शेजारच्या भिंतीआडून पाहिलं. काका गाडीशेजारी उभे राहून मान तिरकी करून ऐकत होते. मग त्यांनी आत हात घालून चावी बंद केली. पाना घेतला. एकेक वायर काढली, वाढपी उपटून फडक्यात गुंडाळला, हँडल लावून दोन-चार गरके फिरवले, म्हणजे जुळलेली खूण गेली. शेवटी खाली वाकून तुळशीच्या कुंडीजवळ पडलेला कागदाचा एक बोळा उचलला.

वर्तमानपत्राचा बोळा. प्लगच्या भोकात हलका कोंबायचा आणि एकट्याने हँडल फिरवायचं. खरी हवा आली की बोळा फट् करून उडतो. झालं. अंगठा लागतच नाही.

मला आधी राग आला, असा की तडक आत जाऊन तो बोळा त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावा. एवढी वर्षं ग्रीस लावून घेतलं, नखं काळी केली, कारखान्यातल्या बायकांनी नावं ठेवली. मग माझं लक्ष फडक्यात गुंडाळलेल्या त्या वाढप्याकडे गेलं. हा माणूस शुक्रवारी लावलेली गाडी रविवारसाठी परत मोडून ठेवत होता. मी मागे फिरले, नाक्यावर जाऊन दोन कटिंग चहा प्यायले आणि नेहमीच्या वेळेला घरी आले.

“बाई, रविवारी अंगठा मोकळा ठेवा,” काका पायरीवरून म्हणाले. “हे एकट्याचं काम नाही.”

“ठेवते,” मी म्हटलं. “पण वरण जरा कमी खारट करा.”

मी त्यांना कधीच सांगितलं नाही. रविवारी मी “आली” म्हणून ओरडले तेव्हा त्यांचा चेहरा इतका उजळला की सांगणं म्हणजे पाप झालं असतं.

त्या दसऱ्यालाही काका जिंकले. मुलगा संध्याकाळी निघून गेल्यावर ते झेंडूच्या माळा उतरवत होते. मी म्हटलं, “अभिनंदन. अजून एक वर्ष.” त्यांनी माळ हातात धरून ठेवली.

“बाई, तुम्हाला खरं सांगू? मला आता जिंकायची भीती वाटते.”

मी दुसऱ्या बाजूची माळ सोडवायला घेतली.

“दरवर्षी तो विचारतो आणि दरवर्षी मी त्याला हरवून पाठवतो. सारखा हरणारा माणूस किती वर्षं खेळायला येईल? एखाद्या वर्षी तो विचारायचाच थांबेल. मग मी काय, आपणहून बॅग भरून त्याच्या दारात उभा राहू?”

“मग सांगा ना त्याला, यायचंय म्हणून.”

“तसं सांगता येत असतं,” काका म्हणाले, “तर गाडी कशाला उघडली असती.”

पुढच्या वर्षी नवरात्रात मुलाचा फोन आला. काकांनी मला तो शब्द न् शब्द सांगितला. बाबा, या वर्षी गाडीचं राहू दे. तुम्ही मजेत आहात, दिसतंय मला. मी सकाळी येतो, जेवतो, दुपारी निघतो. पोराने चांगल्या मनानेच म्हटलं होतं. म्हाताऱ्याला उगाच त्रास नको, एवढंच. पण काका फोन ठेवून बराच वेळ ओट्यापाशी उभे होते. मग म्हणाले, “पैज म्हणजे पैज. कळवलंय मी त्याला. गाडी निघणार.”

त्या वर्षी गाडी जितकी चांगली लागली तितकी कधीच लागली नव्हती. रविवारी हवा आली तेव्हा अंगठा दुखावा अशी आली. आम्ही पुलावरून कुळगावात जाऊन, जिलब्या घेऊन परत आलो. चढावर कुरकूर नाही, धूर नाही. मी म्हटलं, “या वेळी देवळापर्यंत काय, नेरळपर्यंत जाल.” काका नुसते हूं म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी मी गाडीला माळा घातल्या. मुलगा आला, पाया पडला, माझ्याशीही दोन शब्द बोलला. चांगला आहे तो, अगदी बापाच्या नाकाचा. पूजा झाली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली. काका आत बसले. मुलगा शेजारी बसला. काकांनी चावी फिरवली.

फाट्.

कबुतरं उडाली. काकांनी पुन्हा फिरवली. पुन्हा फाट्, आणि धूर. वरच्या बाल्कन्यांत माणसं आली. मुलगा उतरला, काका उतरले, बॉनेट उघडलं.

मी पाहिलं. लाल रिबनची वायर चौथ्याच्या जागी होती. चौथ्याची पहिल्याच्या. दुसऱ्या-तिसऱ्याचीही अदलाबदल. चारही वायरी नीट घट्ट बसवलेल्या, म्हणजे घाईत झालेली चूक नव्हे. रविवारी त्या जागेवर होत्या, मी स्वतः लावल्या होत्या. एक-तीन-चार-दोन झोपेतही म्हणणारा माणूस असा चुकत नाही. वाढपी मुद्दाम उष्ट्या पंगतीला पाठवला होता.

माझ्या हाताला नुसती खाज सुटली. चार वायरी. उपटायच्या आणि जागेवर लावायच्या, चहाला उकळी यायच्या आत झालं असतं. गाडी निघाली असती, जिंकले असते, खाली रोज संध्याकाळी बॅटरी दिसली असती. मी काकांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत होते, पुसतच होते.

“जमत नाहीये रे,” ते मुलाला म्हणाले.

मुलगा माझ्याकडे वळला. “ताई, तुम्ही असता ना यांच्याबरोबर. तुम्हाला कळतंय का काय झालंय?”

आता काकांनी माझ्याकडे पाहिलं.

“नाही हो,” मी म्हटलं. “सगळं तेच करतात. मी नुसता अंगठा धरते.”

मुलाने बॉनेट हळूच खाली केलं. मग त्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. “बाबा, हरलात. आता चला माझ्याबरोबर.”

“नक्की?” काका म्हणाले.

“नक्की काय? दरवर्षी तेच म्हणतोय ना मी.”

काका मान खाली घालून म्हणाले, “हो. पैज म्हणजे पैज.” आणि आत कपडे भरायला गेले. बॅग भरायला त्यांना फारच थोडा वेळ लागला. मला वाटतं ती आधीच भरलेली होती.

निघताना त्यांनी मला आपट्याचं पान दिलं. मुलाच्या गाडीत पुढे बसले, काच खाली केली. मुलगा म्हणत होता, ताई, तुम्ही राहा निवांत, घराचं काय करायचं ते पुढे बघू, गाडी तेवढी भंगारवाल्याला सांगतो. काका म्हणाले, “गाडी राहू दे. बाईंना द्यायची.” मग मला म्हणाले, “बाई, रिबन जागेवर लावून घ्या.”

मुलाला वाटलं, सजावटीचं काहीतरी बोलतायत.

“लावते,” मी म्हटलं.

त्यांची गाडी वळली तशी मी बॉनेट उघडलं आणि वायरी लावल्या. पहिल्याच फटक्यात सुरू झाली. मी त्यांच्या सीटवर बसून ॲक्सिलरेटर दाबून ठेवला आणि मोठ्याने रडले. इंजिनाचा आवाज होता म्हणून बाल्कन्यांना काही कळलं नाही.

सुरुवातीला दर रविवारी फोन यायचा. नातवाची सायकल दुरुस्त केली, दोन स्क्रू उरले. सून वरण अळणी करते. शेजारी एक रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर आहे, त्याला गाडीतलं काही कळत नाही, पण ऐकतो. मग फोन पंधरवड्याने यायला लागले, मग सणासुदीला. मला बरंच वाटलं. वाईटही वाटलं. दोन्ही खरं आहे, आणि मी कुणाच्या बापाला भिते म्हणून एकच सांगू?

यंदा मुलाने खालच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या. एक मुलगी राहते, अंबरनाथच्या कुठल्याशा दवाखान्यात नर्स आहे, गाव चिपळूणकडचं. सामानात एक कॉट आणि एक कुकर. येता-जाता मान हलवते, बोलत नाही. संध्याकाळी तिच्या खोलीतून मोबाइलवरच्या मालिकेचा आवाज येतो, कुणाशी बोलल्याचा येत नाही. मीही आपणहून काही विचारलं नाही. विचारणाऱ्यांचा मला स्वतःला किती वैताग यायचा ते मी विसरलेली नाही.

परवा अविधवा नवमी झाली. मी काकूंच्या नावाने वरणभात केला, एकटीच जेवले आणि इंजिन उघडलं. काही बिघडलेलं नव्हतं. जुनं उघडायला हरकत नाही. सगळे प्लग काढले, वाढपी उपटून फडक्यात गुंडाळला, वर्तमानपत्र फाडून बोळा केला, पहिल्याच्या भोकात बसवला आणि पुढे जाऊन हँडल फिरवायला लागले. एकदा नुसती फुंकर. मग जड लागलं, अजून जड, आणि फट्. बोळा उडून माझ्या पायाशी येऊन पडला.

“आली,” मी म्हटलं. सवयीने, मोठ्याने.

खालचं दार उघडलं. ती मुलगी हातात चहाचा कप घेऊन पायरीवर आली. “ताई, मला हाक मारलीत?”

मी बोळ्यावर पाय ठेवला. तो हळूच गाडीखाली सरकवला. हँडल उलटसुलट फिरवून जुळलेली खूण घालवून टाकली आणि हात पुसत तिच्याकडे गेले.

“बरं झालं आलीस,” मी म्हटलं. “जरा तुझा अंगठा दाखव. हे काम एकटीने होत नाही.”